गिरजाची माय

हौसाबाईच्या घरी परमुलखातली एक पोरगी राहायला येणार, ही बातमी शिरपुरात फिरली तेव्हा बायकांना एकच काळजी पडली. ती खाणार काय? हौसाबाईनं सरळ सांगून टाकलं, "मी खाते तेच पोरगी खाईन. नाई खाल्लं त राहीन उपाशी."

एक्कावन्न सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. सेवेचं काम करायला म्हणून एका संस्थेकडून देशोदेशीची पाच तरुण माणसं गावात आली. गावकऱ्यांच्या बरोबरीनं कुदळ-फावडं घेऊन त्यांनी वरच्या आळीची विहीर खोदली आणि उन्हाळा लागायच्या आत चौघं परत गेली. पाचवी उरली. तिचं नाव ग्रेटा. हॉलंड देशाची, वय सव्वीस, जन्म शेतकऱ्याच्या घरचा. भाजीची रोपं कशी करावी, खताचा खड्डा कसा भरावा, हे माळ्यांच्या वस्तीला वर्षभर दाखवायचं काम तिच्याकडे होतं. गावानं पहिल्याच आठवड्यात तिची गिरजा करून टाकली.

हौसाबाईचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. गावाला लागून दीड एकर मळा, त्यात विहीर, आणि मोट हाकायला दीर चंपत. एकच लेक होती, पंचफुला. ती धनजला दिलेली. पहिल्या बाळंतपणात गेली. निरोप्या आला तेव्हा हौसाबाई बाजारात वांग्यांचं डालं घेऊन बसली होती, आणि ती धनजला पोचली तोवर तिकडे राखही सावडून झाली होती. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आतल्या खोलीत कुणी झोपलं नव्हतं. ती खोली तिनं गिरजाला दिली.

गिरजा खायची सगळं. ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण पानात टाकायची नाही. अन्न टाकलेलं तिला पाहवतच नसे. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या देशात माणसं फुलझाडांचे कांदे शिजवून खायची, असं तिनं एकदा सांगितलं, तेव्हापासून हौसाबाई तिच्या ताटात अर्धी भाकर जास्तीची ठेवू लागली. स्वतःच्या हातची भाकर मात्र गिरजाला कधी जमली नाही. ती थापता थापता फाटायची, आणि चंपतचे बैल ती आवडीनं खायचे.

उजाडताच ती मळ्यात असायची. डोक्याला चंपतचं जुनं धोतर गुंडाळलेलं, हातात फावडं. मोटेचं पाणी नालीतून धावत आलं की ती वाफ्यांची तोंडं अशी भराभर उघडायची-मिटायची की चंपत म्हणायचा, "हे पोरगं मागच्या जन्मी माळ्याचंच असन." खड्ड्यात शेण, पाला, राख यांचे थर द्यायला वस्तीतल्या बायका आधी नाकं मुरडायच्या. पावसाळ्यानंतर हौसाबाईच्या मळ्यातली वांगी पाहिली आणि मग घरोघर खड्डे झाले. बाजाराच्या दिवशी ती हौसाबाईबरोबर बसायची. जैन मंदिराला आलेले परगावचे यात्रेकरू गोऱ्या बाईला पाहायला थांबायचे, आणि नुसतं पाहून जाणं बरं दिसत नाही म्हणून मेथीची जुडी घेऊन जायचे. भाव करणं तिला कधी साधलं नाही. चार मिरच्या जास्तीच्या घालून द्यायची, आणि हौसाबाई तिच्याकडे डोळे वटारून पाहायची.

मराठी ती हौसाबाईकडूनच शिकली, म्हणून तिला वऱ्हाडीच आली, तीही मोडकी. लिहा-वाचायला तेवढं शाळेतल्या पंजाबराव मास्तरांनी शिकवलं, ते पुस्तकी मराठीत. हौसाबाईला ती मावशी म्हणायची. हौसाबाईला वाटायचं, ही कधीतरी माय म्हणेल. पण तिला तिची माय होती.

एकदा दुपारी भाकर खाताना गिरजानं सांगितलं, "आमचं वावर समुद्राच्या खाली हाय."

चंपतला हसता हसता ठसका लागला. मग तिनं काडीनं मातीत आकृती काढून दाखवली. हा समुद्र, हा मोठा बांध, आणि बांधाच्या अलीकडे, समुद्राहून खाली, हे घर, हा गोठा, हे बटाट्याचं शेत.

"आन् बांध फुटला त?" चंपतनं विचारलं.

"नाई फुटत. माह्या आजोबाले पण मालूम नाई कधी फुटला."

त्या घरात आता तिची आई एकटीच होती. बाप लढाईत गेला होता. भाऊ पिएट दूरच्या शहरात नोकरीला. आईचं निळ्या कागदाचं पत्र दर पंधरवड्याला यायचं. गिरजा ते आधी मनात वाचायची, मग हौसाबाईला मराठीतून सांगायची. गाय व्याली. शेजारणीचा कुत्रा मेला. यंदा बर्फ लवकर पडलं. "आन् ते विचारते, हौसाबाईचा गुडघा कसा हाय." हौसाबाई उत्तर द्यायची, "तिले सांग, एरंडेल लावून राह्यली. आन् म्हणा, गाईले बाळंतकाढा द्या." असं करत करत त्या दोघी म्हाताऱ्यांची, एकमेकींना न पाहता, चांगली ओळख होऊन बसली.

बावन्न सालच्या दिवाळीनंतर आईचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, की वर्ष संपलं, आता नाताळाला घरी ये. संस्थेनं मुंबईहून दोन डिसेंबरच्या बोटीचं तिकीट काढलं. नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला शिरपुरातून निघायचं ठरलं. हौसाबाई वरवर म्हणाली, "जा वं बाई, माय वाट पाहून राह्यली." पण त्या दिवशी तिनं वरणात दोनदा मीठ टाकलं.

आणि पंधरा तारखेला हौसाबाईला हिवताप भरला. चार दिवस ती गोधडीखाली कुडकुडत पडली. गिरजानं कोयनेलच्या गोळ्या आणल्या, पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मळा आणि घर दोन्ही सांभाळलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. हौसाबाईला ते पहाटेच कळलं. अंग हलकं झालं होतं, पोटात भूक लागली होती. तिनं उठावं म्हणून पाय खाली सोडले. तेवढ्यात गिरजा पेजेचं भांडं घेऊन आत आली आणि म्हणाली, "मावशी, झोप. तुले बरं वाटल्याबिगर मी नाई जात."

हौसाबाईनं पाय परत वर घेतले.

अकरा दिवस ती बाजेवर पडून राहिली. कुणी आलं की कण्हायची. चंपत मोटेवर आणि गिरजा मळ्यात असली की उठून दोन घास खायची. अठ्ठावीस तारीख आली नि गेली. गिरजानं संस्थेला पत्र घातलं. स्वस्तातली पुढची जागा मार्चमधल्या बोटीवर होती. आईलाही लिहिलं. आईचं उत्तर आलं, की आजारी माणसाला सोडून येऊ नये, तू बरोबर केलंस, नाताळ काय पुढच्या वर्षीही येईल. ते वाचून दाखवलं तेव्हा हौसाबाई चुलीपुढे बसली होती. धूर झाला म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला.

जानेवारी मजेत गेला. त्या दोघींनी तिळाचे लाडू केले, कांद्याचं रोप लावलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी, पंजाबराव मास्तर शाळा सुटायच्या आधीच मळ्यात आले. गावात वर्तमानपत्र एकट्या त्यांच्याकडे यायचं, तेही बसनं, दोन दिवस शिळं. मास्तर बांधावरच उभे राहिले.

"ग्रेटाबाई," ते म्हणाले, "तुमचं गाव हॉलंडात कोणत्या बाजूला?"

तिनं बेटाचं नाव सांगितलं. मास्तरांनी कागदाची घडी उघडली आणि हळूहळू वाचलं. एक फेब्रुवारीच्या पहाटे समुद्राला वादळी भरती येऊन बांध ठिकठिकाणी फुटले. नैर्ऋत्येकडची बेटं पाण्याखाली. हजारावर माणसं दगावल्याची भीती.

गिरजानं कागद हातात घेतला. मराठी अक्षरं तिला एकेक जोडून वाचावी लागत. तिनं ती बातमी बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. नंतर चंपतकडे पाहून म्हणाली, "फुटला."

त्याच दिवशी मास्तर तिला बसनं वाशीमला घेऊन गेले आणि तिनं भावाला तार केली. उत्तर आलं नाही. रोज दुपारी बसच्या वेळेला ती थांब्यावर जाऊन उभी राहायची आणि परत येऊन फावडं उचलायची. हौसाबाई तिच्या मागे मागे असायची. चंपतची मोट विहिरीत जाऊन अर्धीच भरून वर यायची. पाणी खाली गेलं होतं. इथं वाफ्याला पाणी पुरेना आणि तिथं माणसं पाण्यात बुडून मेली, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. तो बैलांना थांबवायचा आणि उगाच विहिरीत वाकून पाहायचा.

आठवडा झाला असेल. टपालवाला मळ्याच्या तोंडाशी आला, तेव्हा गिरजा वाफ्यात होती आणि हौसाबाई बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होती. हौसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण तो निळा कागद आणि त्यावरचं ते तिरकं, बारीक वळण तिला ओळखू येत होतं. सव्वा वर्ष ती ते पाहत आली होती. तिनं टपालवाल्याच्या हातातून पत्र जवळजवळ ओढलंच.

"गिरजे, तुह्या मायचं पत्र. जिती हाय तुही माय."

आणि ती थांबली नाही. तशीच घरी पळाली, डब्यातला गूळ घेतला आणि वस्तीत दारोदार वाटत सुटली. गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. "गिरजाची माय वाचली. पत्र आलं. घ्या, तोंड गोड करा." बायका गूळ तोंडात टाकून तिच्या मागोमाग मळ्यात आल्या. चंपतनं बैल सोडले. सगळी जमली तेव्हा गिरजा वाफ्याच्या कडेला, ओल्या मातीतच बसली होती. पत्र मांडीवर उघडं होतं.

"काय लिहिलं वं?" हौसाबाईनं विचारलं.

"लिहिलं, वारा लय हाय. गोठ्याचं दार बदलायचं हाय." गिरजा सावकाश बोलत होती, मराठी शब्द शोधत. "लिहिलं, एप्रिलमधी तू येशील त मी स्टेशनवर येईन."

"मग?"

"मावशी, हे एकोणतीस जानेवारीचं हाय. पाणी एक तारखेले आलं."

हौसाबाईला पहिल्यांदा समजलं नाही. मग रुपाबाई नावाची शेजारीण हळूच म्हणाली, "आदीचं हाय वं ते, हौसाबाई. मरायच्या आदीचं," आणि तिनं तोंडातला गूळ पदरात काढून घेतला. हौसाबाईच्या मुठीत अजून दोन खडे होते. ती तिथेच उभी राहिली, आणि मूठ उघडायची का नाही, हेही तिला सुचेना.

भावाचं पत्र महिनाअखेरीला आलं. आई नऊ दिवसांनी सापडली होती, शेजाऱ्याच्या शेतात, कुंपणाच्या तारेला अडकलेली. गोठ्याचं दार उघडं होतं. गाय सोडायला ती खाली उतरली असावी, असं शेजारीण म्हणत होती. शेजारणीनं आपल्या घराच्या माळ्यावरून, वर जा म्हणून, हाक मारली होती. घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. शेतावर अजून समुद्राचं पाणी होतं, आणि ते गेलं तरी मिठामुळे दोन-चार वर्षं तिथं काही पिकणार नव्हतं. येण्यासारखं इथं काही उरलेलं नाही, पिएटनं लिहिलं होतं. तुला हवं तर तू तिथेच राहा.

गिरजानं ते सगळं नीट, न थांबता सांगितलं. ती रडली नाही.

सुतक किती दिवस धरायचं, यावर वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं बोलणं झालं. मरण महिन्याचं जुनं, माणूस परधर्माचं, पण घर हौसाबाईचं. शेवटी ठरलं, ऐकलं त्या दिवसापासून दहा दिवस. त्या दहा दिवसांत हौसाबाईची चूल पेटली नाही. रोज एकेका घरून भाकर-पिठलं आलं. बायका यायच्या, गिरजाच्या गळ्यात पडायच्या आणि कधी न पाहिलेल्या त्या बाईसाठी मोठ्यानं रडायच्या. तिच्या गाईसाठी रडायच्या. गिरजा आधी ताठ बसून राहायची. तिसऱ्या दिवशी रुपाबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं आणि मग तिला रडू फुटलं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

हौसाबाईच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. ती कोपऱ्यात बसून भिंतीकडे पाहायची. "हिले काय झालं?" बायका आपसांत म्हणायच्या. "पंचफुलाच्या वक्ताले त छाती पिटून रडली होती."

अकराव्या दिवशी सकाळी दोघी मळ्यात गेल्या. दहा दिवसांत मेथी फुलावर आली होती, ती उपटून टाकायची होती. थोडा वेळ काम केल्यावर गिरजा मातीचे हात झटकत म्हणाली, "मावशी, मी इथंच राहते. संस्थेले लिहून देते. तिकडं माहं आता कोणी नाई. पिएटची बायको हाय त्याले. मी तुह्याजवळ राहीन."

सव्वा वर्ष जे ऐकायला हौसाबाईचे कान आसुसले होते, ते हे. तिला वाटलं, गप्प बसावं. कुणाला ठाऊक आहे? देव जाणे नि आपण जाणे. तिनं मेथीची मूठ उपटली, मातीवर आपटली, अजून एक उपटली. मग ती खाली बसली.

"मले ताप नव्हता, गिरजे."

"काय?"

"दिवाळीनंतर. चार दिवस होता, मंग उतरला. मंग मी उगीच पडून राह्यली. तू जाऊ नाई म्हून."

गिरजा तिच्याकडे पाहत राहिली. तिला शब्द समजले नाहीत असं वाटून हौसाबाईनं पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत, लेकराला सांगावं तसं. "खोटंच पडून राह्यली मी. तुही बोट चुकवली."

"किती दिवस?"

"अकरा."

वारा नव्हता. पलीकडे चंपतच्या मोटेचं चाक करकरत होतं.

"माही पोरगी मेली तवा मी तिच्यापाशी नव्हती," हौसाबाई म्हणाली. "ते कसं असते, ते मले ठावं होतं. तरी मी तुले जाऊ नाई देल्लं."

गिरजा म्हणाली, "आई एकटी होती, मावशी."

एवढंच. मग ती उठली, उरलेली मेथी उपटली, वाफा साफ केला, आणि घरी जाऊन पेटी काढली.

जायला अजून आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत ती हौसाबाईशी वाईट वागली नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, पानात वाढलेलं खायची. वस्तीत घरोघर जाऊन खड्ड्यात काय घालायचं, काय नाही, हे पुन्हा सांगून आली. पण मावशी म्हणून हाक मारली नाही. जायच्या दिवशी अर्धी वस्ती बसच्या थांब्यावर आली. रुपाबाईनं ओटी भरली. चंपतनं पेटी वर चढवली आणि तोंड फिरवून उभा राहिला. हौसाबाईनं भाकरी नि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून आणला होता. गिरजानं तो घेतला. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून तिनं सगळ्यांना हात जोडले, हौसाबाईलाही, सगळ्यांना जोडले तसेच.

त्यानंतर हौसाबाईनं आतली खोली सारवली, पण दार लावलं नाही. मळ्यातलं काम चालूच होतं. बाजारात लोक विचारायचे, "तुही गोरी पोरगी गेली का वं?" ती म्हणायची, "गेली. तिच्या घरी गेली."

पोळा झाल्यावर पत्र आलं. पत्ता मास्तरांचा होता, आत मराठीत लिहिलं होतं, अक्षर मोठं नि वाकडं. शाळा सुटल्यावर मास्तर हौसाबाईला ओसरीवर बसवून वाचू लागले.

"मावशीला नमस्कार. मी पिएटकडे नाही. मी आमच्या गावी आहे. बांध झाला. घराला छप्पर केलं. पावसाचं पाणी वावरातलं मीठ खाली नेतं, म्हणून आम्ही नाल्या खोदतो. यंदा थोडे जव आले, बाकी काही नाही. आईला पुरलं ती जागा पाहिली. मावशी, तू खोटं बोललीस..."

मास्तर थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हौसाबाईकडे पाहिलं.

"वाचा," ती म्हणाली.

"...तू खोटं बोललीस. मला फार राग आला. बोटीवर तुझी भाकर मी समुद्रात टाकली. मी कधी अन्न टाकत नाही, तुला माहीत आहे. आता राग गेला. दुःख नाही गेलं. ते जाईल असं वाटत नाही. चंपतकाकाला, रुपाबाईला नमस्कार."

मास्तरांनी पत्राची घडी घातली. "हे तुमच्या दोघींतलं आहे," ते म्हणाले. "मी विसरून जाईन."

"कायले विसरता? खरंच हाय ते." हौसाबाईनं ती घडी घेऊन पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "मास्तर, पितरं जवळ आले. सर्वपित्रीले मी तिच्या मायच्या नावानं पान वाढीन म्हणते. पण मले तिचं नावच ठावं नाई. सव्वा वर्ष तिच्याशी बोलली, नाव काई विचारलं नाई. तेवढं लिहून पाठव म्हणा."

मास्तरांनी तेवढंच लिहिलं. उत्तर वेळेवर येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. अमावास्येला हौसाबाईनं कढी, वडे, खीर केली, एक पान पंचफुलाचं वाढलं आणि दुसरं नाव न घेताच वाढलं.

नाव दिवाळीत आलं. बाकी पत्रात काही नव्हतं. "नेल्चे," मास्तरांनी वाचलं. हौसाबाईला ते म्हणता येईना. मास्तरांनी तीनदा सांगितलं, तुकडे पाडून सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली, आणि घरी जाताना वाटेनं ते नाव पुटपुटत गेली. मळ्याशी पोचेपर्यंत ते पार वेगळंच होऊन बसलं होतं.